पाचशेच्या आत वाडगाभर : पुण्यात चांगल्या जपानी नूडल्स कशा शोधाव्यात

“पुण्यात चांगलं रामेन कुठे मिळतं?” हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. रामेन म्हणजे गरम सुपातल्या जपानी नूडल्स. मी चाकणच्या एका कारखान्यात जपानी दुभाषी आहे, राहायला कर्वेनगरला. पूर्वी मी विचारणाऱ्याला सरळ नावं सांगायचे. मग लक्षात आलं, मी सांगितलेल्या चार ठिकाणांपैकी दोन वर्षभरात बंद झाली आणि तिसऱ्याचा आचारी गोव्याला निघून गेला. वाडगा तोच, पाटी तीच, पण चव आचाऱ्याबरोबर गेली. तेव्हापासून मी नावं सांगत नाही. मी कशी शोधते ते सांगते.

माझं माप जपानमधल्या ओकायामात पक्कं झालं. हे तेच शहर, ज्याच्या मैत्रीखातर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं. तिथल्या कोराकुएन बागेवरून आपली बाग बेतली आहे. २००९ मध्ये कंपनीने मला सहा महिने तिथे पाठवलं होतं. ओकायामाहून समुद्रावरच्या सेतो ओहाशी पुलावरून तासाभराच्या रेल्वेने ताकामात्सुला जाता येतं. हा पूल १९८८ साली सुरू झाला. पलीकडचा कागावा प्रांत म्हणजे उदोनचं, गव्हाच्या जाड नूडल्सचं माहेर. रविवारी मी तिकडेच असायचे. हातात ताट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, किती हवं ते सांगायचं. वाडग्यात उदोन पडलं की गरम पाण्यात स्वतःच बुडवून काढायचं, वरून सूप ओतून घ्यायचं. तीनशे येन, तेव्हाच्या हिशेबाने दीडशे रुपये. शेजारी टॅक्सीवाले, शाळेची पोरं, शेतावरून आलेल्या आज्या. दहा मिनिटांत भुरके मारून सगळे मोकळे. आपल्याकडे सकाळी मिसळीच्या दुकानात जशी सगळ्या थरांतली माणसं एका बाकावर बसतात, तसंच.

म्हणून पाचशे रुपयांची मर्यादा मी जाणूनबुजून घातली आहे. हे रोजच्या पोटाचं अन्न आहे. तिकडे रामेनच्या दुकानदारांत ‘हजार येनची भिंत’ असा शब्दप्रयोग आहे. एका वाडग्याला हजारावर घेतले तर गिऱ्हाईक बिचकतं, ही धास्ती. पुण्यात जपानी सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), नोरी (समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापुद्रे) हे सगळं बाहेरून येतं, त्यामुळे दीडशेत ते मिळणार नाही हे मला मान्य आहे. पण साडेतीनशे ते पाचशेत प्रामाणिक वाडगा मिळू शकतो. मी तो खाल्ला आहे, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी.

आधी आपल्याला काय खायचंय ते ठरवा. ‘जपानी नूडल्स’ असं एकच एक काही नसतं. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या, गुबगुबीत नूडल्स. फक्त पीठ, मीठ, पाणी. पण कणीक इतकी तिंबायची की घरोघरी ती पायांनी तुडवायची पद्धत होती. मेन्यूवर ‘उडॉन’ असं लिहिलेलं दिसेल. सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या तपकिरी, बारीक नूडल्स. नेहमीचं प्रमाण आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू. पुण्यात सोबा क्वचित मिळतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात थंडगार झारू सोबा कुठे दिसला तर सोडू नका. मात्र ‘याकिसोबा’ वाचून फसू नका. नावात सोबा असला तरी त्यात कुट्टू नसतो, त्या परतलेल्या गव्हाच्याच नूडल्स.

आणि रामेन. ते मुळात चीनमधून आलेलं. तोक्योच्या आसाकुसा भागात १९१० मध्ये राइराइकेन नावाचं दुकान निघालं आणि तिथून ते जपानी माणसाचं झालं. रामेनच्या पिठात कान्सुई नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचं काम. त्याने नूडल्सला चिवटपणा येतो, पिवळी झाक येते आणि एक खास वासही येतो. पिवळ्या आहेत म्हणजे अंडं असणारच असं नाही, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. पण काही जण अंडंही घालतात, तेव्हा विचारायला हवंच.

आता शोध. नकाशावर ‘रामेन’ टाकलं की पुण्यात पंचवीस-तीस ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. त्यातली निम्मी मी फोटो पाहूनच बाजूला काढते. लालभडक सूप, कुरळ्या नूडल्स, वर चीजचा चौकोनी तुकडा असेल तर ते कोरियन राम्यन आहे, म्हणजे पाकिटातल्या तळून वाळवलेल्या नूडल्स. ते वाईट असतं असं अजिबात नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना असल्यामुळे पुण्यात कोरियन माणसं बरीच आहेत आणि त्यांची काही खानावळवजा हॉटेलं फार चांगली आहेत. पण तो पदार्थ वेगळा. पाकीट उकळून त्यावर अंडं फोडायला कोणी साडेतीनशे घेत असेल, तर ते आपण घरीही करू शकतो.

उरलेल्यांचा मेन्यू नीट वाचा. सुशी, डिमसम, थाई करी, ट्रिपल शेजवान आणि कोपऱ्यात एक रामेन, अशी यादी असेल तर मी जात नाही. कारण साधं आहे. रामेनचं सूप हाडांवर तासन्‌तास उकळावं लागतं. दिवसाला तीन वाडगे खपत असतील तर कोण एवढा गॅस जाळेल? तिथे पावडर येणार. उलट ज्या मेन्यूवर रामेनचेच चार-पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाखाली सूप कशाचं ते लिहिलंय, तिथे कोणीतरी मनापासून काम करतंय असं समजायला जागा आहे. शिओ म्हणजे मिठाचं, शोयू म्हणजे सोया सॉसचं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचं. पुण्यात तोनकोत्सुऐवजी बऱ्याचदा कोंबडीचं दुधाळ सूप देतात, त्याला तोरी पाइतान म्हणतात. कोंबडीची हाडं खळाखळा उकळून केलेलं ते सूप उत्तम लागतं आणि परवडतंही. मेन्यूवर हे नाव स्वच्छ लिहिलेलं दिसलं की माझा त्या दुकानावरचा विश्वास वाढतो.

भाग म्हणाल तर माझा अनुभव असा. कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगरात पर्याय सगळ्यात जास्त, पण बसण्याच्या जागेचे पैसेही त्यात धरलेले असतात. बाणेर-बालेवाडीत नवी ठिकाणं भराभर निघतात आणि तितक्याच वेगाने बदलतात. विमाननगर-वडगाव शेरी पट्ट्यात मला छोटी, आठ-दहा खुर्च्यांची दुकानं भेटली, आणि पाचशेच्या आतले माझे सगळ्यात चांगले वाडगे तिथलेच आहेत. पेठांमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही. हिंजवडी, वाकड आणि चाकणकडे जपानी इंजिनिअर महिनोन्‌महिने उतरतात अशी छोटी हॉटेलं आहेत. बाहेर पाटीसुद्धा साधी असते. आत स्वयंपाकघरात जपानी माणसाने शिकवलेला आचारी असतो, कारण रोज संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला घरच्यासारखं जेवण हवं असतं. सगळी हॉटेलं बाहेरच्यांना वाढत नाहीत. पण फोन करून “दुपारच्या जेवणाला बाहेरचे चालतात का, उदोन असतं का?” असं विचारलं की काही जण हो म्हणतात. दुपारी ‘तेइशोकु’ म्हणजे आपल्या थाळीसारखा प्रकार असतो. उदोन, भात, लोणचं असं एकत्र. रात्री तेच सुटं मागवलं तर दीडपट पडतं.

आमच्या कारखान्यातले पाहुणे मला विचारतात त्यापेक्षा मीच त्यांना जास्त विचारते. तुमच्या ओळखीत कोणी जपानी नसेल तर जपानी शिकणाऱ्यांना गाठा. पुण्यात ही जमात मोठी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात वर्ग चालतात, शिवाय घरगुती क्लास गल्लोगल्ली. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा असते. पेपर सुटल्यावर ही मुलं घोळक्याने कुठे खायला जातात ते विचारा. विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारं आणि जीभ थोडी तयार झालेल्याला पटणारं, अशा दोन्ही चाळण्यांतून ते ठिकाण गेलेलं असतं.

जायच्या आधी फोन करा. मी तीन प्रश्न विचारते. पहिला, नूडल्स ताज्या, फ्रोजन, की पाकिटातल्या? ‘फ्रोजन’ ऐकून नाक मुरडू नका. उदोनच्या बाबतीत फ्रोजन चांगल्या असतात. उकळून लगेच गोठवल्यामुळे त्यांचा लवचीकपणा टिकतो, जपानी घरांतही त्याच वापरतात. कपाटात ठेवायच्या मऊ, ओल्या पाकिटातल्या उदोन मात्र टिकाव्यात म्हणून आम्लात राखलेल्या असतात, त्यांना आंबूस वास येतो. दुसरा प्रश्न, सूप कोणत्या दिवशी लावता? जो खरंच लावतो तो पटकन उत्तर देतो: “काल रात्री”, “दर सोमवारी आणि गुरुवारी”. फोनवरची व्यक्ती गोंधळली तर तिला दोष देऊ नका, आत विचारून यायला सांगा. तिसरा, दाशी कशाची?

हा तिसरा प्रश्न शाकाहारी माणसासाठी फार महत्त्वाचा आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातलं मूळ पाणी. बहुतेक वेळा ते कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाचं आणि कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसाचं असतं. कागावात तर इरिको नावाच्या सुक्या मासळीचं. आपल्या सुकटीच्या घराण्यातलं. वाडग्यात मासा दिसत नाही, म्हणून ‘व्हेज उडॉन’ असं लिहून तेच सूप वाढलं जातं. कोणी मुद्दाम फसवतं असं मला वाटत नाही, आचाऱ्याला दाशी म्हणजे मसाल्यासारखी वाटते. पण खाणाऱ्याला ते चालणार नसतं. कोम्बु आणि सुक्या शिताके अळंब्यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते. बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात अशीच दाशी वापरतात. नुसत्या कोम्बुत चव येते का, असं कोणी विचारलं तर सांगा की १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामी’ चव कोम्बुच्या दाशीतूनच शोधून काढली. मिसो स्वतः शाकाहारी असतो, पण काही तयार मिसोत दाशी आधीच मिसळलेली असते. बरणीवर काय लिहिलंय ते बघून सांगा असा आग्रह धरा. हवं तर बरणी आणून दाखवायला सांगा. मी आईसाठी मागितली आहे, आणि चांगल्या दुकानात कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

पहिल्या खेपेला शनिवार-रविवारी रात्री जाऊ नका. मधल्या वारी साडेबाराला नाहीतर संध्याकाळी सातला जा, गर्दी नसते आणि आचाऱ्याचा हात निवांत असतो. सगळ्यात साधा वाडगा मागवा. रामेन असेल तर शोयू, उदोन असेल तर काके उदोन, म्हणजे नुसतं सूप, उदोन आणि वर कांद्याची पात. मिसळीचं कसं, फरसाण-पोहे कोणीही घालेल, पण सँपलवर दुकानाची पारख होते. इथे ते काम सूप करतं. तिखट, चीज, तळलेलं चिकन असं सगळं घातलेला खास वाडगा चुका झाकतो. साध्याला झाकायला काही नसतं.

वाडगा आला की आधी हात लावून बघा. वाडगा गरम हवा, नुसतं सूप नव्हे. चांगले आचारी वाडगा आधी गरम पाण्याने तापवून घेतात. मग वाकून वास घ्या. व्हिनेगर आणि चिली सॉसचा वास आला तर स्वयंपाकघराचा हात अजून इंडो-चायनीजचाच आहे. चमचा फिरवून बघा. तोनकोत्सु किंवा पाइतानचा दाटपणा हाडांतून आणि चरबीतून येतो, ओठ किंचित चिकटतात. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा ओळखायला आपण सगळे तयार आहोत, लग्नातलं मंचाव सूप आठवा. तसा चकचकीत लिबलिबीतपणा रामेनमध्ये दिसला की मी पुन्हा त्या दारात जात नाही. बाणेरला एका झगमगीत ठिकाणी साडेसहाशे रुपयांत मला हेच मिळालं होतं, वर खळ घातल्यासारखं. मला राग पैशांचा आला नव्हता. शेजारच्या टेबलावर दोन मुलं आयुष्यातलं पहिलं रामेन म्हणून ते खात होती, त्याचा आला होता.

नूडल्सचा पहिला घास सूप न घेता खा. रामेनला दाताखाली किंचित विरोध हवा. उदोन मऊ, पण दाबल्यावर परत उसळणारं. जपानीत त्याला ‘कोशी’ म्हणतात. लगदा झाला असेल किंवा एकमेकांना चिकटून गोळा आला असेल तर त्या आधीच उकडून ठेवलेल्या होत्या. अंडं असेल तर कापून बघा. बलक मधासारखा वाहता-न वाहता आणि पांढरं सोयाने तपकिरी झालेलं असेल तर कोणीतरी आदल्या दिवसापासून तयारी केली आहे. कडक उकडलेलं, कडेला हिरवट असेल तर बाकी गोष्टींबद्दलही मला शंका येते.

आणि खाताना थांबू नका. रामेन गरम सुपात फुगत जातं, सात-आठ मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. फोटो एकच काढा. भुरके मारायला लाजू नका, त्याने घास निवतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. याच कारणासाठी मी नूडल्स घरी मागवत नाही. कधी मागवल्याच, तर सूप आणि नूडल्स वेगळ्या डब्यांत देतात का ते आधी विचारते, सूप घरी उकळते आणि मगच नूडल्स घालते. उदोन हे थोडं सोसतं, रामेन नाही.

बिलाबद्दल थोडंसं. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो, मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८. तेव्हा पाचशेचा वाडगा कुठे खाताय त्यावर तो ५२५ ला पडेल की ५९० ला, हे आधीच धरा. सेवा शुल्क बिलात आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. लावलेलं दिसलं तर शांतपणे काढायला सांगा. आपल्याला सेवा आवडली असेल तर ते पैसे वाढणाऱ्याच्या हातात द्या. सोबत ग्योझा (मोमोसारखा जपानी प्रकार) वगैरे मागवायचा मोह पहिल्या खेपेला टाळा. वाडगा एकट्याचं पोट भरतो. त्याऐवजी जास्तीच्या नूडल्स मिळतात का विचारा. जपानमधल्या हाकाता भागातल्या रामेन दुकानांत उरलेल्या सुपात नूडल्सचा नवा गुंडाळा घालून घ्यायची रीत आहे, तिला काएदामा म्हणतात. आपण मिसळीला पुन्हा पाव आणि सँपल मागतो, तसंच. पुण्यात दोन दुकानांनी मला पन्नास-साठ रुपयांत तो दिला, मेन्यूवर लिहिलेला नसतानाही.

गेल्या पावसाळ्यात मी आईला वडगाव शेरीच्या अशाच एका छोट्या दुकानात नेलं. आचारी दार्जिलिंगकडचा, विशीतला मुलगा. फोनवर दाशीचं बोलणं झालं होतं, त्याने आमच्यासाठी कोम्बु-शिताकेची वेगळी काढून ठेवली होती. आईने दोन घास खाल्ले, वाडगा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “अगं, ह्या तर चकोल्याच. फक्त आमटी पातळ.” तो मुलगा काउंटरपलीकडून बघत होता. मी त्याला हिंदीत चकोल्या म्हणजे काय ते समजावलं, आईने कणीक किती घट्ट भिजवायची ते हाताने दाखवलं, आणि त्याने तिला विचारलं की वरणात आधी घालायच्या की उकळी आल्यावर.

निघताना मी नेहमी ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल धन्यवाद, असं म्हणते, आणि काय आवडलं ते नेमकं सांगते: नूडल्स बरोबर होत्या, सूप थोडं खारट होतं. छोट्या दुकानातल्या आचाऱ्याला हे कोणी सांगत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा जा, कारण मधल्या काळात आचारी किंवा सूप बदललेलं असू शकतं. वडगाव शेरीचा मुलगा अजून तिथेच आहे. तो सूप सोमवारी रात्री लावतो, म्हणून मी मंगळवारी दुपारी जाते. चारशे वीस रुपये, आणि आईसाठी दाशी वेगळी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करायचा.